आमच्या घरातली जपानी संस्कृती

हिमी, बोनचा सण उलटल्यावरचा सोमवार

तीर्थस्वरूप फुसाए वन्संना शिझुनोचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? इथे उकाडा असा, की देव्हाऱ्याशेजारच्या फोटोत तुमचे भाऊसुद्धा घामेजलेले दिसतात. (काच मी रोज पुसते, उगाच शंका नको.)

माझ्याकडे एप्रिलपासून नॉर्वेची सिग्रिद राहते आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिकायला आलेली, पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेली, आणि जपानी संस्कृती अनुभवायची म्हणून वसतिगृह सोडून घर मागणारी मुलगी. परदेशी मुलांना घरं मिळवून देणाऱ्या गावच्या मंडळाच्या कुराताबाईंनी मला विचारलं, "तिला काय शिकवाल?" मी म्हटलं, "चहाविधी, पुष्परचना, सगळंच." खोटं कुठे होतं? वाचनालयातली दोन्हींवरची पुस्तकं मी वाचली होती. एकदा चहाविधी केलाही. पुस्तक मांडीखाली दडवून आणि अंडी फेटायच्या जाळीने चहा घुसळून. ती पोरगी गुडघे मोडून ताठ बसली (घरून सराव करून आली होती म्हणे), आणि पाय बधिर होऊन आडवी झाले ती मी. तिने विचारलं, "हा विधीचाच भाग आहे का?" मी "हो" म्हटलं. मग तीही शेजारी आडवी झाली.

पण खरी शोभा बोनच्या नाचात झाली. माझा उन्हाळी किमोनो, युकाता, तिच्या गुडघ्यांपर्यंतच येई, म्हणून मी तुमच्या भावांचा निळा सुती काढला. मोठ्या ऐटीत तिला नेसवला, पट्टा बांधला आणि देवळाच्या पटांगणात घेऊन गेले. लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता. तेवढ्यात मासळीवाली मासुआजी ओरडली, "अगं शिझुनो, बोनला मेलेले घरी येतात हे ठाऊक होतं, पण इतके उंच होऊन?"

मी वळून पाहिलं. छातीवर उजवी बाजू डावीच्या वर! वन्सं, जिवंत माणसाची डावी बाजू वर असते आणि उजवी फक्त शवपेटीतल्या माणसाची. आपल्याकडे शाळकरी पोरसुद्धा हे चुकत नाही. आजीने आम्हा दोघींना ढोलाच्या मांडवामागे ओढलं. "सोड तो पट्टा! पोरगी नाचायला आलीय, निघायला नाही."

काय झालं ते सिग्रिदला सांगावंच लागलं. ती म्हणाली, "शिझुनोसान, माझ्याआधी तुम्ही कोणाला नेसवलं होतं?"

तुम्ही होताच त्या दिवशी. पांढरं वस्त्र अंत्यविधीच्या माणसांच्या हातून घेऊन तुमच्या भावांना मीच नेसवलं होतं. त्यानंतर तीन वर्षांत कोणाच्याच अंगावर कपडा चढवायची वेळ आली नाही. हातांना जे शेवटचं ठाऊक होतं, ते त्यांनी केलं. आजीने पट्टा पुन्हा बांधायला घेतला. मग म्हणाली, "तुझा एइकिची नेसताना आयुष्यात त्या एकदाच सरळ राहिला असेल. म्हणून फसलीस तू." मांडवामागे मी इतकी हसले की डोळे पुसायला सिग्रिदची बाही घ्यावी लागली.

हे सगळं कुराताबाईंनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दारात हजर. "वाईट वाटून घेऊ नका, शिझुनोसान. पण मुलगी संस्कृती शिकायला आलीय. रविवारी तिला चहाच्या शिक्षिकेकडे हलवू." मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." बरोबरच आहे. मग सूप केलं, त्यात सोयाबीनचा मिसो घालायला विसरले. सिग्रिद ते नुसतं गरम पाणी निमूट प्यायली. हाही विधी का, असं काही तिने विचारलं नाही.

बाकी सर्व ठीक. काकड्या यंदा चांगल्या आल्या आहेत.

तुमची,
शिझुनो

ता. क. तुम्ही कानाझावात इतकी वर्षं चहाविधी शिकवता. शनिवारी इथे येऊन राहाल का? शिकवू नका, गुडघ्यांना त्रास नको. कुराताबाई येतील तेव्हा फक्त बसा. तुम्ही नुसत्या बसलात तरी घरात संस्कृती दिसते. माझ्या तर धावपळीतही दिसत नाही.

ता. क. दुसरा. ही पोरगी म्हणते, "रविवारी मला हलवलंच, तर मी उजवी बाजू वर नेसून गावातून चालत जाईन." करेल ती, वन्सं. पहिल्याच गाडीने या.