रस्त्यावरून वाचायचं अक्षर

मी, वच्छला पुंडलिक शेजूळ, वय अडुसष्ट, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाविना आणि चहासुद्धा स्वतःच्याच घरचा पिऊन हे मृत्युपत्र सांगत आहे. लिहून घेत आहेत शेजारच्या दमयंतीबाई. काचबिंदूने माझा उजवा डोळा गेला, डावा जायच्या वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येत नाही, राहिली तेवढी सांभाळा. ती किती दिवस राहील, ते सांगत नाहीत. जीव नुसता टांगणीला लागला आहे.

१. राहते घर आणि खालचा गाळा मुलगा आकाश याला. गाळ्यात त्याचे फ्लेक्सचे दुकान आहे. मात्र एक अट आहे, ती पुढे येईल.

२. बँकेतली ठेव आणि कानातली फुलं मुलगी तनुजा हिला. ती पैठणला शाळेत चित्रकला शिकवते. बापाचे ब्रशही तिलाच. लहानपणी रॉकेलमध्ये धुवून ठेवायची ती, आकाश वासानेच पळायचा.

३. अक्षर. दमयंतीबाई म्हणाल्या, "अहो, अक्षर काय कुणाच्या नावावर करता येतं? असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत." तुम्ही लिहा, म्हटलं.

माझे यजमान म्हणजे पुंडलिक पेंटर. गुलमंडीपासून स्टेशनपर्यंत दुकानांच्या पाट्या त्यांच्याच. जाडजूड, पोट सुटलेलं, पाठीशी काळी सावली घेतलेलं अक्षर. पण शिडीवरच्या माणसाला नाकासमोरचा एक काना दिसतो, अख्खी पाटी दिसत नाही. मी समोरच्या फुटपाथवरून ओरडायचे, "अवं, वरून जाड करा! डोकं बारीक दिसायलंय!" पाटी उंचावर, वाचणारा खाली. खालून बघताना अक्षराचं डोकं आकसतं, म्हणून शिरोरेघ आणि तिच्याजवळचा भाग आम्ही मुद्दाम फुगवायचो. किती फुगवायचा, ते पट्टीने ठरत नाही, रस्त्यावर उभं राहूनच कळतं. हात त्यांचा, डोळा माझा, आणि पाटीच्या कोपऱ्यात सही एकट्याची. ते गेले, पण हा राग मी माझ्यासोबत नेणार आहे. त्याची वाटणी नाही.

४. आकाशने मोबाइलवर आमच्या पाट्यांचे फोटो काढून त्या अक्षरांचा फॉन्ट केला. नाव ठेवलं 'पुंडलिक'. पोरानं बापाचं नाव काढलं म्हणून मी पेढे वाटले. पण कॉम्प्युटरवर फोटो सरळ केले, तेव्हा त्याला अक्षरांची डोकी मोठी दिसली. त्याला वाटलं, ही बापाच्या हाताची चूक. चार लोकांत बापाला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून त्यानं प्रत्येक अक्षर खरडून वरून-खालून सारखं केलं. मी म्हणाले, "अरे, मुंडकी उडवलीस की तू सगळ्यांची!" तर म्हणतो, "आई, सध्या रेट्रो चालतंय. लोकायला लई आवडायलंय."

खोटं नाही ते. लग्नपत्रिका, मिसळीची हॉटेलं, भावी नगरसेवकांचे वाढदिवस, जिकडं तिकडं 'पुंडलिक'. हातातल्या कागदावर छान दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण क्रांती चौकातल्या उंच फ्लेक्सवर तेच अक्षर मान मोडल्यासारखं दिसतं. रिक्षात मी तोंड फिरवून बसते. माझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ते लावलंत तर याद राखा.

५. अट अशी. आकाशने 'पुंडलिक'चा दुसरा, उंचावर लावायचा संच करावा. तो केला तरच घर त्याचे. नमुना विचाराल तर एकही उरलेला नाही. शेवटची पाटी स्टेशनजवळच्या लॉजवर होती. ती दिवाळीआधी उतरली आणि तिथं दिव्यांची पाटी लावली आकाशनेच. फोटोही जुन्या मोबाइलबरोबर गेले. आता ती जाडी फक्त मला माहीत आहे, आणि मलाही ती सांगता येत नाही, बघावी लागते.

६. कलम पाच सांगून झालं आणि माझ्या ध्यानात आलं. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. मग समोर उभं राहून "वरून जाड कर" म्हणणार कोण? किती मूर्ख बाई मी!

म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंत असताना वाचावे. आजच वाचावे. तनुजाने मिळेल त्या एसटीने निघावे. आकाशने दुकान बंद करून ब्रश घ्यावा आणि आपल्याच घराच्या भिंतीवर, उंच, एकेक अक्षर काढावे. मी रस्त्यावरून सांगेन. संध्याकाळी मला काही दिसत नाही, तेव्हा उजेड आहे तोवर.

दमयंतीबाई, कलम पाचमधली अट खोडा. आकाश, घर तुझंच आहे, अटीबिटी काही नाही. तू नुसता शिडीवर चढ. पाया पडते बाबा तुझ्या.

ठिकाण: उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ जानेवारी २०२६, दुपार

सही: वच्छला पुंडलिक शेजूळ
(सही रेघेखाली गेली आहे, ती त्यांचीच आहे.)

साक्षीदार:
१. दमयंती सदाशिव पाठक
२. कारभारी गायके, किराणा दुकानदार

साक्षीदार क्र. १ यांची नोंद: वरील मजकूर वच्छलाबाईंना वाचून दाखवला, त्यांनी तो मान्य केला. फोन केल्यावर तनुजा पैठणहून निघाली आहे. कारभारींनी खाली जाऊन आकाशला निरोप दिला. मशीन चालू आहे, उद्या बघू, असे तो म्हणाला. वच्छलाबाई रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आहेत.