पेल्याचा पोचा

आई, पेला सापडला. तोच वेदीवरचा चांदीचा पेला, ज्याच्यापायी रविवारच्या भर मिस्सेत तुझ्याकडून चर्चच्या चाव्या काढून घेतल्या होत्या. गेल्या आठवड्यात डाळीला फोडणी देता देता मला तो दिसला. आता मिस्सा मोबाइलवर थेट दिसते, तुला हे पटणार नाही. लोक पाय पसरून, चहा पीत मिस्सा बघतात आणि शेवटी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवतात. तुझ्या नातीनं फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. "मम्मी, ते पुराने फादर आहेत ना, त्यांची जुबली आहे. ग्रुप पे लिंक आया है," म्हणाली. कुठल्याशा दूरच्या गावात, तुझ्याकडून चाव्या घेणारे तेच फादर वेदीपाशी उभे होते. पार म्हातारे झालेत. त्यांनी पेला वर उचलला, कॅमेरा जवळ गेला, आणि काठाखाली मला पोचा दिसला. मी चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं. पोच्याशेजारी तो बारीकसा उंचवटाही होता. डाळ करपली.

तो उंचवटा तू कसा आणलास, ते जगात फक्त मी पाहिलंय. मी शाळेतून आलेय, नाताळ जवळ आलाय, चर्चची साफसफाई तुझ्याकडे आहे, आणि तू पेला घासायला घरी आणलायस. तुझ्या हातून तो निसटतो आणि नळाखालच्या दगडावर आपटतो. तू आधी क्रूसाची खूण करतेस, मग लाटण्याच्या मुठीनं आतून पोचा काढायला बसतेस आणि भलत्याच जागी दाबून टेंगूळ आणतेस. मी हसते, तू मला धपाटा घालतेस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतःहून फादरांकडे जाऊन सांगितलंस. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला दिसलंही नसतं. त्यांनी तुला वेदीमागच्या खोलीत उभं करून झापलं, की तुम्हा लोकांना चांदीची कदर नाही. तू मान खाली घालून ऐकलंस. पोचासुद्धा लपवता न येणारी बाई, आणि पुढच्या वर्षी फादरांच्या बदलीच्या तोंडावर पेला दिसेना झाला तेव्हा तिलाच चोर ठरवलं. प्रवचन संपल्यावर ते म्हणाले, जिच्याकडे चाव्या होत्या तिनं त्या आणून द्याव्यात. तू सगळ्यांदेखत वेदीपर्यंत चालत गेलीस.

तेव्हाही मला राग त्यांच्यापेक्षा तुझा जास्त आला होता. आजही येतो. त्यानंतर तू मरेपर्यंत दर रविवारी शेवटच्या बाकावर बसलीस. शेजारच्या बायका बाकावरची पर्स उचलून मांडीवर घ्यायच्या, ते तुला दिसायचं आणि मलाही. मी चिडले की तू म्हणायचीस, "येशूला कळतं गं." येशूला कळत होतं, पण इंदरगंजच्या चौकात तुला पाहून रस्ता ओलांडणाऱ्या बायकांना कुठे कळत होतं? एकदा तरी ओरडायचं होतंस. एकदा तरी म्हणायचं होतंस, की मी नाही घेतला.

मी फोनमधलं ते चित्र घेऊन आताच्या फादरांकडे गेले. तरुण आहेत, गोड बोलतात. मला वाटलं दचकतील. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "वो तो मिल गया था, आंटीजी. बदली से पहले बड़े फादर का सामान बँध रहा था, उसी में चला गया था, गलती से. फिर उन्हीं के पास रहने दिया. ऊपर बिशप के ऑफिस में सबको पता है."

"कब मिला?"

"बहुत पहले. आपकी माताजी तब थीं, शायद."

तू तेव्हा होतीस! तू शेवटच्या बाकावर बसत होतीस आणि त्यांना ठाऊक होतं. माझी हिंदीच पळाली, मी मराठीत ओरडले, "मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले, बड़े फादर की इज्जत का सवाल था, और अब तो माहौल आप जानती हैं, बात बाहर गई तो लोग क्या-क्या बनाएँगे. माहोल मला कळतो गं. महाराज बाड्याच्या बाजारात कपडे घेताना गळ्यातला क्रूस मीही पदराखाली सरकवते. ती भीती खोटी नाही. पण तुझ्यावर आळ घेताना कुणाला माहोल आठवला नव्हता. मग त्यांनी तोडगा काढला, की माताजी की आत्मा के लिए एक मिस्सा चढ़ा देंगे. माझ्या आईच्या आत्म्याला काय धाड भरलीय? जिथून आळ घेतलात तिथूनच मागे घ्या, एवढंच मागत होते मी. त्यांनी सांगितलं, वेबसाइटवर तक्रारीचं बटन आहे. घरी येऊन तेही दाबलं. पडद्यावर एक कबूतर उडालं आणि सुझावाबद्दल, म्हणजे सूचनेबद्दल, माझे आभार मानले गेले.

म्हणून या रविवारी मिस्सेत सूचना वाचून झाल्यावर मी उठले. म्हणाले, "मेरी माँ ने प्याला नहीं चुराया था. वो फादर के सामान में गया था, और ऊपर सबको पता था." बस, एवढंच. फादर घाईघाईनं म्हणाले, "आइए, हम प्रार्थना करें." संध्याकाळी लेकीनं आमच्या मिस्सेचा व्हिडिओ उघडला. त्यात मी उभी आहे, माझं तोंड हलतंय आणि आवाज नाही. तेवढ्यापुरता कुणीतरी बंद केलाय. पुढच्याच क्षणी गाणं मात्र दणक्यात ऐकू येतं. पण जे बाकांवर बसले होते त्यांनी ऐकलं. बाहेर पडताना एका म्हातारीनं माझा हात धरला. पर्स उचलणाऱ्यांपैकीच ती. "बेटी, हमें मालूम होता तो..." म्हणून रडायला लागली. मी हात सोडवून घेतला. माफ करणारी तू होतीस, मी नाही.

आता एक गोष्ट उरली, ती सांगताना मला लाज वाटतेय. वेदीवरच्या कपड्यांची पिशवी गेल्या आठवड्यापासून माझ्याकडे पडून आहे. सिस्टरांचे गुडघे गेलेत, त्यांनी धुवायला दिली होती. न धुता परत नेऊन त्यांच्या दारात आपटायची, असं ठरवलं होतं. आज सकाळी ते कपडे मी भिजवले. पवित्र भाकरीचा एखादा कण कपड्यात राहिला असेल, म्हणून पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, मातीलाच द्यायचं, हे तू मला अक्षरं शिकवण्याआधी शिकवलंस. मी मुद्दाम बादली मोरीपाशी नेली. तिरकी केली. आणि तशीच उचलून गॅलरीत आणली. हरिशंकरपुरमच्या या घराला अंगण नाही, फक्त कढीपत्त्याची कुंडी आहे.

हे पत्र तुझ्या जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून देईन, दुसरीकडे कुठे पाठवणार? पाणी मी तुझ्यासारखंच दोन्ही हातांनी, हळूहळू ओतलं, आई. आणि माझा राग थेंबभरही कमी झाला नाही.