इस्त्रीबाईंचा शेवटचा विद्यार्थी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. उत्तर तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा चिडून फाडलं. आज राग उतरलाय. जेवण झालंय, टेबल खिडकीशी ओढून बसलोय. समोरच्या गॅलरीत शेजारणीने टॉवेल न झटकता तसेच चुरगळलेले वाळत घातलेत. तुझी आजी असती तर इथूनच ओरडली असती. तिला जाऊन उद्या तीन महिने होतील.

तुला माहीत आहे ती निवृत्त झालेली, तुझ्या वेण्या घट्ट बांधणारी आजी. त्याआधीची बाई मी तुला कधी सांगितली नाही, कारण त्या गोष्टीत मी फारसा शोभत नाही. आज सांगतो.

मी बस चालवायचो हे तुला ठाऊक आहे. तुझी आई नऊ वर्षांची होती, दोन्ही मामा तिच्याहून लहान, आणि माझा मणका सरकला. डॉक्टरांनी स्टिअरिंग कायमचं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात तुझी आजी सरकारी हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला लागली. तिने मला विचारलं नाही, सांगितलं. “उद्यापासून सकाळी सहाची पाळी. मुलांचे डबे झाकून ठेवलेले असतील. तुम्ही फक्त पडून राहा आणि चिडचिड करू नका.” मी पडून राहिलो, पण चिडचिड मात्र अगदी मनापासून केली.

ते धुलाईघर मी एकदाच पाहिलं. तळघर, कोपऱ्यात बॉयलर, आणि वाफ इतकी की माणूस आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. मधोमध इस्त्रीचा मोठा रोलर. एका बाजूने दोघी ओली चादर आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूला दोघी ती कढत चादर झेलायच्या. तुझी आजी झेलणाऱ्यांत. तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की पुस्तकाचं पान उलटायला तिला बोट ओलं करावं लागायचं. तिथे तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. कामामुळे नव्हे, बोलण्यामुळे. तिच्या बोलण्यात एक सुरकुती नसायची.

घरी आली की दुसरी पाळी सुरू. चादरीची घडी घालायला दोघं लागतात, म्हणून रोज एका मुलाला समोर उभं करायची. दोघांनी दोन टोकं धरायची, एकेक पाऊल पुढे यायचं आणि प्रत्येक पावलाला पाढ्यातला एक आकडा. चुकलं की घडी उलगडून पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या आईला एकोणतीसचा पाढा आजही बसून म्हणता येत नाही, चालावं लागतं. विचार तिला.

आणि मी? दोन वर्षांनी डेपोने मला पहाटे पाचच्या पाळीचं, वेळापत्रकं लावायचं बैठं काम दिलं. मी तिच्याआधी तासभर घरी पोचायचो. खुर्चीत बसायचो आणि चहाची वाट बघायचो. ती यायची, चप्पल काढायची आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायची. ही बायकांची कामं, असं मी कधी तोंडाने म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

तिच्या नोकरीचं पंधरावं वर्ष चालू होतं. नवे अधीक्षक आले आणि त्यांनी धुलाईघर बंद करून काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं ठरवलं. बावीस बायका घरी बसणार होत्या. बाकीच्या रडत बसल्या, ही ओल्या एप्रनसकट जिना चढून साहेबांच्या खोलीत गेली. बाहेर बसलेल्या कारकुनाने पुढे मला शब्दन् शब्द सांगितला. ती म्हणाली, “साहेब, आठ दिवस द्या. निम्म्या वॉर्डांचे कपडे त्यांना, निम्म्यांचे आम्हाला. आठ दिवसांनी डॉक्टर आणि नर्सना विचारा. ते नको म्हणाले तर आम्ही स्वतःहून कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात देऊ.” साहेब हसले, पण हो म्हणाले.

ते आठ दिवस ती घरात असून नसल्यासारखी होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं. आठव्या दिवशी ऑपरेशन थिएटरचे मोठे सर्जन स्वतः तळघरात उतरले. एका हातात कंत्राटदाराकडून आलेला गाऊन, दमट आणि एक नाडी तुटलेला. दुसऱ्या हातात या बायकांनी धुतलेला. साहेबांना त्यांनी तिथेच बोलावून घेतलं आणि म्हणाले, “मला हा हवा. हा मिळणार नसेल तर ऑपरेशन तुम्ही करा.” त्या बावीस जणींनी असा काही कल्ला केला म्हणे, की वरच्या वॉर्डातले पेशंट उठून बसले! धुलाईघर राहिलं. वर्षभरात ती तिथली प्रमुख झाली. रोलरवरून त्या खुर्चीवर गेलेली ती पहिलीच.

प्रमुख झाली त्या संध्याकाळी ती घरी आली, चप्पल न काढता खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, “अहो, आज मला कुणीतरी चहा द्या.” मी तुझ्या आईला हाक मारली. मी उठलो नाही, बघ. त्या दिवशीसुद्धा उठलो नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाकून चप्पल काढली.

मग गेल्या वर्षी ते दुखणं निघालं. डॉक्टरांनी आठ-दहा महिने सांगितले. परतताना रिक्षात मी रडायला लागलो तर म्हणाली, “रडायला वेळ नाही. तुम्हाला अजून साधा भात लावता येत नाही.” मला वाटलं, धीर द्यायला थट्टा करते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची मांडली, पाठीला उशी घेतली, हातात काठी घेतली आणि त्र्याहत्तराव्या वर्षी माझी शाळा सुरू झाली. काठीने ती डबे दाखवायची. पहिला भात करपला, दुसरा कच्चा राहिला, तिसऱ्याला तिने नुसतं “हं” म्हटलं आणि मी दिवसभर हवेत होतो. भांडी, केर, कपडे, इस्त्री, सगळे विषय. बटाटे चिरताना बोट कापलं तर म्हणाली, “पट्टी लावा आणि उरलेले चिरा.”

सातव्या महिन्यात तिने परीक्षा घेतली. धुलाईघरातल्या जुन्या सहा जणींना जेवायला बोलावलं आणि स्वयंपाक कुणी केलाय हे मी सांगायचं नाही, अशी ताकीद दिली. पहाटेपासून एकट्याने केलं सगळं. बायका पोटभर जेवल्या. त्यांतली सगळ्यात फटकळ, जिचा अख्खं धुलाईघर धसका घ्यायचं, ती बोटं चाटत म्हणाली, “बाई, एवढ्या दुखण्यातही हाताची चव तश्शी आहे हो तुमची!” तुझ्या आजीला हसू आवरेना. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि तिने काठी उचलून माझ्याकडे रोखली. सहाही जणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू कपाट बोलायला लागलंय. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. बस चालवताना बारा वर्षांत मला कुणी टाळी दिली नव्हती.

त्यानंतर सतरा दिवसांनी ती गेली. दुपार होती. मी तिच्या पलंगाशेजारी माझा शर्ट इस्त्री करत होतो. तिने डोळे उघडले, पाहिलं आणि म्हणाली, “कॉलर आधी. मग बाह्या.” मी कॉलर केली, बाह्या केल्या, वर पाहिलं तर ती शांत झोपल्यासारखी होती. तो शर्ट मी पूर्ण केला, भिंगरी. अर्धवट टाकलेलं तिला चाललं नसतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितेस की आजोबा एकटे आहेत, त्यांना साधा चहा येत नाही, म्हणून मी जहाजावरची नोकरी नाकारते आणि तिकडे राहायला येते. नकाराचं पत्रही लिहून ठेवलंयस. इंजिनरूममध्ये उभी राहणारी आपल्या घरातली पहिली मुलगी, आणि माझ्या चहासाठी किनाऱ्यावर राहणार? ऐक. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आजीला म्हणालो, माझ्या पोटाची केवढी काळजी केलीस तू. ती म्हणाली, “तुमच्या पोटाचं काय, कुठेही भरलं असतं. मी गेले की आपली भिंगरी सगळं सोडून तुमचं करायला येईल. माझ्यावर गेली आहे ना. तिला येऊ द्यायचं नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.” ते आठ महिने मी माझे समजत होतो. ते तुझे होते. तेव्हा ते पत्र फाडून टाक. पुढच्या महिन्यात जहाज सुटेल त्या दिवशी मी धक्क्यावर येतोय. येण्याचं तिकीट काढलंय आणि परतीचंही.

तुझाच,
भांडी घासायला उठलेला आजोबा