मोझेलच्या नौकेला रजेचा अर्ज

देवपूर, धुळे
वैशाख, उन्हाळ्याची सुट्टी

प्रिय नाना,

जळगावच्या वसतिगृहातून तुम्हांला लिहिलेल्या प्रत्येक पत्राचा मायना 'तीर्थरूप नानांस' असा असे. 'प्रिय' लिहिण्याचे धाडस तुम्ही असताना मला कधी झाले नाही. आज झाले, कारण हे पत्र तुम्ही चष्मा पुसून, शुद्धलेखनाच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करत वाचणार नाही.

आज लिहिण्याचे कारण काल दुपारी आले. जर्मनीहून पाकीट आले, तुमच्या नावाचे. दरवर्षी चैत्र-वैशाखात येते तसेच जाड, आत द्राक्षमळ्यांच्या चित्रांचे गुळगुळीत माहितीपत्रक. आईने ते पदराने पुसले आणि माझ्यापुढे धरले. "उघड तू. त्यांची पाकिटं तूच उघडायचीस." आत माहितीपत्रकाबरोबर एक हाताने लिहिलेले पत्रही होते. त्यात काय होते, ते सांगण्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती सांगायला मी क्रमाने जाते. तुम्ही भूगोल असाच शिकवायचात, आधी उगम, मग मुख.

तुम्हांला आठवते ना, हे सारे कसे सुरू झाले? शाळेच्या भूगोलाच्या खोलीसाठी तुम्ही परदेशी पर्यटन कचेऱ्यांना पत्रे घालून फुकटचे नकाशे आणि चित्रे मागवत होतात. चांगली चित्रे भिंतीवर जात, उरलेली माझ्या पुस्तकांना कव्हर म्हणून. मी सातवीत असताना मोझेल नदीचे पत्रक आले. दिवसा सायकलवरून द्राक्षमळ्यांमधून जायचे, मुक्कामाला नदीतल्या नौकेवर यायचे, सोबत गाइड, आठ दिवस. त्याला एक छापील कार्ड जोडलेले होते. नाव, प्रवाशांची संख्या, कोणता आठवडा. आपल्याला वाटले, कार्ड भरले की आणखी चित्रे येतात. मी सुवाच्य अक्षरात भरले: प्रवासी दोन, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, कारण त्या आठवड्यात द्राक्षतोडणी असते असे पत्रकात लिहिले होते.

चित्रे आली नाहीत. तुमच्यासाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत, असे पत्र आले.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. "आपण दोन माणसांची जागा अडवून बसलो," असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिलात. आई म्हणाली, "मग अडवू नका. त्यांना म्हणावं, तुमची बोट इकडे पाठवा, आणि येताना आपल्या कोरड्या पांझरा नदीत सोडायला पाणीही घेऊन या." तुम्ही हसला नाहीत. तुमच्या लेखी न कळवता गैरहजर राहणे हा असभ्यपणा होता, मग ती शाळा असो, लग्न असो की जर्मनीतली नौका असो. मला पाचवीपासून इंग्रजी होते आणि इंग्रजीत मला एकच पत्र पाठ येत होते, रजेचा अर्ज. म्हणून मी तोच लिहिला. नम्र विनंती करतो की मला सहामाही परीक्षेच्या कामामुळे आपल्या सायकल व नौका सहलीस उपस्थित राहता येणार नाही, तरी माझी रजा मंजूर व्हावी. शेवटी, आपला आज्ञाधारक. तुम्ही सही केलीत, निळ्या हवाई पत्राच्या कडा थुंकी न लावता पाण्याच्या बोटाने चिकटवल्यात आणि स्वतः सायकलवर जाऊन पेटीत टाकलेत.

पुढच्या वर्षी पुन्हा पत्रक आले. आपण पुन्हा अर्ज केला. असे सहा अर्ज झाले. एका वर्षी मतदार यादीचे काम, एका वर्षी आईच्या डोळ्याचे ऑपरेशन, एका वर्षी माझी दहावी. पश्चिम जर्मनीतला 'पश्चिम' खोडायचा की ठेवायचा यावर आपण एक पूर्ण रविवार घालवला, आणि नंतर शाळेतला नकाशाही तुम्ही स्वतःच्या हाताने दुरुस्त केलात. तिसऱ्या अर्जात तुम्ही एक ओळ घालायला लावलीत, ती लिहिताना माझे कान तापले होते. आम्ही मद्य घेत नाही, तरी आल्यास नुसती द्राक्षे खावयास मिळतील काय? "विचारायला काय हरकत आहे?" तुम्ही म्हणालात. "जायचं नाही म्हणून माहितीही ठेवायची नाही का?"

सोनगीरची सहल तुम्हीच काढलीत. माघातला रविवार होता, मी अकरावीत होते. तुम्ही तुमच्या जुन्या काळ्या सायकलवर, मी भाड्याच्या लेडीज सायकलवर. महामार्गाच्या कडेकडेने जाताना तुम्ही दर टप्प्याला शाळेची शिट्टी वाजवत होतात आणि पत्रकाच्या मी केलेल्या मराठी भाषांतरातून मोठ्याने वाचत होतात, "प्रवाशांनी आता पाणी प्यावे व परिसराची शोभा पाहावी." परिसरात दोन ट्रक आणि कपाशीच्या वाळलेल्या पळकाट्या होत्या. किल्ल्याच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर म्हाताऱ्या आबांनी विचारले, "गुरुजी, शिट्टी कसाले वाजाडी राह्यनात? पोर ते एकलीच शे."

"एकटी असली तरी गाइडनं शिट्टी वाजवायचीच असते," तुम्ही गंभीरपणे सांगितले.

"मंग चहा बठ्ठासले देऊ, का एकलीलेच?"

चहा सगळ्यांना द्यायचा की एकटीलाच, यावर तुम्ही इतके हसलात की बशीतला चहा सांडला. मग पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली द्राक्षे काढलीत. हादऱ्यांनी अर्धी फुटली होती, कागदावरची शाई सालींना लागली होती. आपण ती तशीच खाल्ली, आबांनाही दिली. परतताना तुम्ही म्हणालात, "सायकलचा टप्पा झाला. नौकेचा राहिला. नारडाण्यावरून तापीला जायचं, तिथं होडी असते. पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी माझी बारावी होती. मी म्हटले, "नाना, परीक्षा झाल्यावर." माझी परीक्षा झाली. माझे नाव वर्तमानपत्रात आले. तापी राहिली.

आता कबुलीजवाब.

गेल्या पावसाळ्यात तुम्ही पत्रक माझ्याबरोबर जळगावला दिलेत. "अर्ज तिथूनच टाक, तिथलं पोस्ट मोठं." मी सातवा अर्ज लिहिला, तुमची सही तुम्ही कोऱ्या हवाई पत्रावर आधीच करून दिली होतीत. माझ्या खोलीतल्या वैशालीने तो आणि पत्रकाबरोबर आलेले कचेरीचे पत्र पलंगावर पडलेले पाहिले आणि दोन्ही वाचले. ती इंग्रजी शाळेतून आलेली, वाईट मुलगी नाही. पण तिला हसू आवरेना. "अगं, ही सगळी छापील पत्रं असतात. सही बघ ना, ती पण छापलेली. तिथं कोण तुझ्या नानांची वाट बघत बसलंय?" मी कचेरीच्या पत्रावरची सही उजेडात धरून पाहिली. ती खरोखरच छापील होती.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सगळ्या मुलींना कळले. "काय आज्ञाधारक, आज जेवायला हजर, का रजेवर?" ते नाव मला वर्षभर चिकटले. इंग्रजीच्या वर्गात मी आधीच तोंड उघडत नव्हते. जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी साधे वाक्य बोलताना अडखळते, हे पाहायला त्यांना आवडे. मी खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसू लागले, आणि पुन्हा कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तो अर्ज शब्दकोशात घालून ठेवला. पेटीत टाकला नाही, नाना. लाज मला तुमची वाटली. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

दिवाळीनंतर तुम्ही डिंकाचे लाडू घेऊन जळगावला आलात. फाटकाजवळ कडुनिंबाखाली उभे होतात, टोपी हातात. विचारलेत, "अर्ज वेळेत गेला ना?" मी म्हटले, "गेला." तुम्ही समाधानाने मान हलवलीत. "मग हरकत नाही. कळवलं म्हणजे झालं." आत चला म्हणावे असे मला वाटले, पण मुली पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी तुम्हांला फाटकातूनच परत पाठवले. बसस्थानकापर्यंत तरी का आले नाही मी?

पौषात तुम्ही गेलात. शाळेतून देवपूरला येताना पांझरेच्या पुलावर सायकलवरून उतरलात, ती कठड्याला लावलीत, तिला कुलूप घातलेत आणि मग खाली बसलात. पाहणाऱ्यांनी सांगितले. किल्ली तुमच्या मुठीत होती. कुलूप घालण्याइतका वेळ होता तुम्हांला, नाना. मग मला कळवण्याइतका का नव्हता? आयुष्यभर ज्यांनी कुणाला न सांगता कुठे गैरहजेरी लावली नाही, ते घरातून असे अर्ज न देता गेले. याचा राग मी अजून धरून आहे. कुणावर काढावा, ते मात्र कळत नाही.

आणि काल ते पत्र आले. लिहिणाऱ्या बाईंचे नाव हेल्गा. त्या नौकेवरच्या गाइड आहेत. त्या लिहितात, आपला पहिला अर्ज आला तेव्हा कचेरीत कुणाला त्याचे काय करावे हे कळेना, म्हणून तो त्यांच्याकडे पाठवला. तेव्हापासून दर ऑक्टोबरात, पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी त्या प्रवाशांची हजेरी घेतात, आणि सर्वांत शेवटी तुमचे नाव पुकारून तुमचा अर्ज वाचतात. प्रवासी हात वर करून रजा मंजूर करतात. काही जण दरवर्षी येतात, त्यांना तुमची कारणे पाठ आहेत. आईचे डोळे आता बरे आहेत का, असे एका वृद्ध गृहस्थांनी विचारले आहे. आणि होय, नुसती द्राक्षे खावयास मिळतात, हवी तितकी. याचे उत्तर त्यांनी पूर्वीच द्यायला हवे होते, पण पत्र लिहिण्याचा त्यांना फार आळस.

शेवटच्या ओळी अशा: गेल्या ऑक्टोबरात अर्ज आला नाही. मी नाव पुकारले आणि थांबले. सर्व कुशल आहे ना?

मी ते पत्र आईला मराठीत वाचून दाखवत होते. या ओळींशी आले आणि पत्र खाली ठेवले. आई म्हणाली, "पण अर्ज तर तू टाकला होतास. ते रोज शाळेतून आल्यावर दाराच्या फटीत बघायचे, उत्तर आलंय का म्हणून." मग मी तिला सांगितले. शब्दकोश आणून अर्ज काढून दाखवला. तुमची सही तशीच होती, रजेच्या कारणाची जागाही भरलेली होती. आई बराच वेळ सहीवरून बोट फिरवत राहिली. मला वाटले, रागावेल. रागावली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, "उशिरा दिलेला अर्ज घेतात का गं?"

तुम्ही घेत होतात. वर्गातल्या मुलांना म्हणायचात, उशीर झाला तरी खरे कारण लिही, मी सही करीन.

हेल्गाबाई आणि त्या नौकेवरचे लोक तुमच्यावर हसत असतील का, हा प्रश्न मला कालपासून छळतो आहे. हसत असतीलही. पण ज्याच्यावर माणसे नुसती हसतात, त्याच्या बायकोचे डोळे बरे झाले का, असे कुणी विचारत नाही. इतकी वर्षे तुमचे नाव एका नदीवर पुकारले जात होते आणि तुम्हांला ते ठाऊक नव्हते. मी अर्ज टाकला असता तर या बाईंनी पत्र लिहिलेच नसते, हेही मला कळते. आणि हे पत्र थोडे आधी आले असते तर, या विचारापुढे मला जाता येत नाही.

म्हणून आज सकाळी मी दोन अर्ज पाकिटात घातले. पहिला तुमच्या सहीचा, शब्दकोशात वर्ष काढलेला. दुसरा माझा. त्यात खरे कारण लिहिले: मागील अर्ज माझ्या चुकीने पोहोचला नाही, तो पाठवणाऱ्याचा दोष होता, ज्यांनी केला त्यांचा नव्हे. माझे वडील पौष महिन्यात वारले. यापुढे ते उपस्थित राहू शकणार नाहीत. तरी त्यांची कायमची रजा मंजूर व्हावी. पाकीट मी तुमच्या सायकलवर जाऊन टाकले. तिची मधली दांडी उंच आहे, माझे पाय जेमतेम टेकतात, पुलावर उतरून चालत गेले. कुलपाची किल्ली आता माझ्याकडे असते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ज्या दिवशी तिकडे हजेरी होईल, त्या दिवशी मी सोनगीरवरून नारडाण्याला आणि तिथून तापीला जाईन. रस्ता विचारायला मला लाज वाटते, नावाड्याशी बोलायला तर फारच वाटेल. तरी मी बोलेन. आबांच्या टपरीवर थांबून तुम्ही गेल्याचे मी त्यांना स्वतः सांगेन, दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळू नये. शिट्टी बरोबर घेईन. आणि ज्याने माझी वाट पाहिली आहे, त्याच्यापासून यापुढे मी न कळवता गैरहजर राहणार नाही, मग तो फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा असो, की न पाहिलेल्या नदीवर नाव पुकारत असो.

आपली आज्ञाधारक,
कुमुद