डावा हात आणि पत्रिकेवरचा गणपती

श्रीरामपूर, मंगळवार, ८ जुलै १९९७

आज दुकानातल्या कॉम्प्युटरला नवा माऊस जोडला. फ्लॉपीवरून ड्रायव्हर टाकला, तर त्यात डावखुऱ्यांसाठी बटणं उलटी करायची सोय. लगेच केली. आईने फटके देऊन ज्याची सवय मोडली, तो माझा डावा हात इथे चालतो म्हणे?

संध्याकाळी पडद्यावर एका गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका जुळवत होते. मुलीचे वडील मागून बघत होते. म्हणाले, "ताई, बाकी कसं बी करा, गनपती तेवढा उजव्या हातानं ठिवा."

माऊस उजव्या हातात घेतला, पण बटणं उलटीच राहिलेली. गणपती जागचा हलेना, नुसता मेनू उघडत राहिला. ते तंबाखू थुंकायला बाहेर गेले, तेवढ्यात डाव्यानेच बसवला.

परत येऊन त्यांनी पडद्याला हात जोडले. मग मीही जोडले. त्यात माझा डावाही होताच. मग तो नेमका चालतो कधी आणि चालत नाही कधी?