चार लेनचा रस्ता, दोन सरकारं

मंगळवार, ६ मे

शेजाऱ्यांनो, हा रस्ता आपण सगळेच जीव मुठीत धरून ओलांडतो! — आज आमच्या इथल्या परदेशी गावाच्या बोर्डासमोर, म्हणजे निवडून आलेल्या कारभाऱ्यांच्या सभेत, हीच सुरुवात केली, इंग्रजीत. नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपवलं. टाळ्या!

मागणी एवढीच: आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल. कांचनकाकू, वय एक्याऐंशी, रोज तिथे चार लेन ओलांडून बस पकडतात. काका, त्यांचा नवरा, नर्सिंग होममध्ये. दुपारी ते फक्त काकूंच्याच हातून जेवतात.

महापौर गोड हसले. "रस्ता राज्याचा, मॅडम. आमचा फक्त फुटपाथ."

बुधवार, ७ मे

राज्याच्या रस्ते खात्याला फोन. चाळीस मिनिटं संगीत, मग एक बाई — "गावाने ठराव पाठवला तर बघू." गाव म्हणणार, राज्याने परवानगी दिली तर ठराव करू. वा! संघराज्य हा विषय मी कॉलेजात सव्वीस वर्षं शिकवला. पुस्तकात पानोपानी 'सहकार्य' होतं. लिहिणाऱ्याने कधी रस्ता ओलांडला नसावा.

सोमवार, १२ मे

काकूंना म्हटलं, थोडे दिवस उबर करा.

"अगं, मी जिना उतरेपर्यंत तो कॅन्सल करून जातो. आणि तू आहेस ना भांडायला!"

मंगळवार, २० मे

गाडी काकूंना खेटून गेली. पडल्या. मनगट मोडलं, खुबा वाचला. इमर्जन्सीत पहिला प्रश्न — "यांना कोणी जेवू घातलं का गं?"

मी नर्सिंग होममध्ये गेले. काकांनी माझ्या हातचा घास घेतला नाही. दाराकडे बघत राहिले.

संध्याकाळी बोर्ड. काही लिहून नेलं नव्हतं. "तुम्ही आणि राज्य एकमेकांना पत्रं लिहीत बसा. उत्तर आमच्या तिरडीवर ठेवा!" सभागृह उठून उभं राहिलं. गावाची इंजिनियर प्रीता काहीतरी सांगू बघत होती. मी कसली थांबते!

बुधवार, २१ मे

प्रीता सकाळीच घरी आली. बसलीसुद्धा नाही.

"मावशी, गाव आणि राज्य, दोघांनी मिळून मार्चमध्येच तुमच्या सोसायटीला पत्र पाठवलं होतं. सिग्नलच्या खांबाला फाटकाजवळची चार फूट जागा हवी होती. तुमचा नकार आला, फाइल बंद झाली. महापौरांपर्यंत गेलीच नाही."

नकार? सोसायटीची अध्यक्ष मी! सेक्रेटरी उल्हासला फोन लावला.

"शरयूताई, तुम्हीच नाही का मीटिंगमध्ये गरजलात — सरकारला एक इंच देणार नाही! सगळ्यांनी हात वर केले. मी तसं कळवलं."

मला वाटलं होतं, रस्ता रुंद करायला जागा मागतायत. पत्राची पहिली ओळ वाचली होती. दुसऱ्या ओळीच्या जागी भाषण सुरू केलं होतं.

उल्हासला म्हटलं, उद्याच सभा बोलव, जागा द्यायची आहे.

गुरुवार, २२ मे

शरयू, सात वाजता सोसायटीची तातडीची सभा आहे. तोंड उघडू नकोस. जागा देण्याच्या ठरावावर सही कर.