पाल्यात आहे, काढ्यात नाही

१२ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझ्या भाच्याला दात येतायत, दिसेल ते चावतो. परवा माझी चप्पल चघळत बसला होता. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तापाच्या माणसांना तू ज्याचा काढा देतोस, तो तुझा पाला मिळाला. सावलीत वाळवलेला, त्यात काडीसुद्धा नाही. प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, "भावाला इथेच नोकरीला लावा." पाला कुटून आम्ही स्पिरिटमध्ये भिजवला, अर्क काढला आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या मलेरियाच्या जंतूंवर घातला. मेले रे! अख्ख्या प्रयोगशाळेला मी चहा पाजला. तुझा इतका अभिमान वाटला!

आता एवढंच वाचून पत्र खिशात टाकू नकोस. ओळखते मी तुला.

मग मी तुझा काढाही करून पाहिला. पाणी निम्मं होईपर्यंत उकळून, अगदी तू करतोस तसाच. तो घातला, तर जंतू मजेत वाढत राहिले. वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केला. मग मॅडमनी स्वतः केला. दादा, औषध पाल्यात आहे, पण उकळलं की नाहीसं होतं. आणि हो, स्पिरिटचा अर्क कुणाला पाजायला जाऊ नकोस. बशीतलं औषध माणसाला द्यायला अजून बराच अवकाश आहे.

तू म्हणशील, इतकी माणसं बरी झाली ती काय उगाच? काही ताप आपोआप उतरतात. काही नाही उतरत.

काल वहिनीचा फोन आला होता. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय. मी ती मोडतेय. दिवसाआड हुडहुडी भरून ताप येतोय तिला. तुला वाईट वाटू नये म्हणून ती मुकाट्याने काढा पितेय, आणि तू समजतोस उतार पडलाय. अरे, सातवा महिना आहे तिला! आधी तुझा संताप आला, मग रडूच कोसळलं.

हे पत्र आमच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. त्याला बजावलंय, वहिनी गाडीत बसल्याशिवाय दारातून हलायचं नाही. इथल्या दवाखान्यात बोलून ठेवलंय; रक्त तपासून लगेच गोळ्या सुरू करतील. माझ्यावर काय ओरडायचं ते मागाहून ओरड. हवं तर जन्मभर बोलू नकोस.

पण आता ऊठ, आणि तिला हात धरून गाडीत बसव.

दवाखान्याच्या दारात तुम्हा दोघांची वाट बघत उभी,
तुझी मिरची